मार्चमध्ये संपणारी सोबत : दहावीच्या मुलींची मार्गदर्शक ताई म्हणून एक वर्ष

हायस्कूलच्या मुलींना कॉलेजसाठी तयार करणाऱ्या एका स्वयंसेवी उपक्रमात मी गेले शैक्षणिक वर्ष मार्गदर्शक म्हणून काम केले. संस्थेचे मुख्य कार्यालय बेंगळुरूला असून बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील काही शाळांत तिचे काम चालते. यंदाची नोंदणी सुरू झाल्यावर ओळखीच्या तिघीचौघींनी ‘जावे का?’ असे विचारले. प्रत्येकीला तेच ते सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, या हेतूने हा अभिप्राय लिहीत आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या काही सूचना अजून त्यांच्या विचाराधीन आहेत आणि त्यावर त्यांनी शांतपणे विचार करावा अशी माझी इच्छा आहे.

आपल्याकडे एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा, झाली की मुलगी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, जाते आणि पीयूसीची ती दोन वर्षे ज्या इमारतीत होतात तिला घरीदारी कॉलेजच म्हणतात. त्यामुळे उपक्रमाचा मुख्य गट दहावीच्या मुलींचा आहे. एका ताईकडे चार मुली, महिन्यातून दोन शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास, जुलै ते फेब्रुवारी, असा साचा. मानधन किंवा प्रवासखर्च मिळत नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी बसमध्ये महिलांना तिकीट नसल्याने माझा खर्च चहा-बिस्किटांपुरताच राहिला. वेळेचा हिशेब मात्र कागदावरचा खरा धरू नये. महिन्याला तीन तास असे माहितीपत्रकात छापले आहे. फोन, फॉर्म आणि पालकांशी बोलणे धरून माझे आठ-नऊ तास सहज जात आणि डिसेंबरनंतर त्याहूनही जास्त.

सुरुवातीला दोन रविवारी टिळकवाडीतील एका सभागृहात प्रशिक्षण झाले. त्यातील बालसुरक्षेचा भाग उत्तम होता, हे आधी नोंदवते. मुलीशी बंद खोलीत एकटीने बसायचे नाही, तिला पैसे किंवा भेटवस्तू द्यायची नाही, तिचा फोटो कुठेही टाकायचा नाही, समन्वयकाला कळवल्याशिवाय तिच्या घरी जायचे नाही आणि ती काही गंभीर बोलली तर ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन द्यायचे नाही, हे नियम उदाहरणांसह समजावून सांगण्यात आले. समाजकार्याच्या उत्साहात आपण यांतील निम्मे नियम सहज मोडतो. मी स्वतः पहिल्याच महिन्यात एकीला कंपासपेटी घेऊन देणार होते. नियम आठवला म्हणून थांबले आणि तीच पेटी शाळेच्या कपाटात सर्वांसाठी ठेवली.

प्रशिक्षणाचा उरलेला भाग कन्नड आणि इंग्रजीत झाला. त्याविषयी माझी तक्रार नाही, आम्हा बेळगावकरांना तेवढे कळते. पण पुण्यात राहून मराठी शिकलेल्या एका प्रशिक्षिका पहिल्या भेटीला शाळेत आल्या तेव्हा एक प्रसंग घडला. निघताना माझ्या गटातील यळ्ळूरच्या मुलीने सवयीप्रमाणे ‘बाई, मी येतो’ असे म्हटले आणि प्रशिक्षिकाबाईंनी हसत तिला ‘येते म्हणायचं, तू मुलगी आहेस ना’ असे दुरुस्त केले. आमच्या भागात बायका ‘मी जातो, मी येतो’ असेच बोलतात. माझी आजी ऐंशी वर्षे तसेच बोलली. हेतू वाईट नव्हता, तरी ती मुलगी पुढच्या दोन भेटींत मान खाली घालून बसली आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मैत्रिणीकडून देऊ लागली. तिला पुन्हा बोलते करायला मला सप्टेंबर उजाडला. बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकांना इथल्या बोलीची दोन तासांची ओळख करून देणे संस्थेला अवघड नाही.

माझ्या चार मुलींविषयी थोडे सांगायला हवे, कारण उपक्रमाचे बरेवाईट त्यांच्या निमित्तानेच मला कळले. एक राजहंसगडाच्या पायथ्याच्या यळ्ळूरची, घरची भातशेती. दुसरी वडगावची, वडील साड्या विणणारे. तिसरी कंग्राळीची, वडील उद्यमबागेतील फाउंड्रीत कामाला. चौथी मूळची जांबोटीकडची, आठवीपासून अनगोळात मावशीकडे राहिलेली. चौघीही मराठी माध्यमाच्या आणि चौघींच्या घरी एकेकच मोबाईल, तोही वडील किंवा भाऊ कामावर घेऊन जाणारे. संस्थेने दिलेले ॲप या वास्तवाशी जुळत नव्हते. ‘आजचा विचार’ आणि ‘तुमचा मूड नोंदवा’ असे त्यात रोज येई. तो मूड संध्याकाळी फाउंड्रीतून परतलेले वडील नोंदवत असावेत असा माझा कयास आहे.

पुस्तिका गुळगुळीत कागदावर, रंगीत छापलेली आहे. ‘पाच वर्षांनी तू कुठे असशील’ याचे चित्र काढा, असा तिसरा पाठ आहे. वडगावच्या मुलीने दवाखाना काढला, कंग्राळीच्या मुलीने स्कूटर काढली आणि जांबोटीच्या मुलीने नुसते ‘सासरी’ असे लिहून कागद माझ्याकडे सरकवला. बाकीच्या हसल्या, ती हसली नाही. अशा वेळी ताईने काय बोलावे याविषयी पुस्तिकेत एक ओळही नाही. तिच्या थोरल्या बहिणीचे लग्न दहावीनंतर दोन वर्षांत झाले होते, हे मला नंतर कळले. त्या दिवशी मी विषय बदलला आणि पुढच्या भेटीत पुन्हा काढला. तोवर तिने स्वतःहून ‘सासरी’ शेजारी ‘पण शिकून’ असे दोन शब्द जोडले होते.

स्वप्ने, ध्येये आणि आत्मविश्वास यांवर पुस्तिकेने चाळीस पाने खर्च केली आहेत, आणि ज्या निर्णयाने मुलीच्या पुढच्या पाच वाटा उघडतात किंवा बंद होतात त्या ‘कॉम्बिनेशन’ला, म्हणजे विषयांच्या गटाला, दोन पाने. पीयूसीत नुसते सायन्स, कॉमर्स, आर्ट्स म्हणून भागत नाही. पीसीएमबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र) घेतले तर जीवशास्त्र आणि गणित दोन्ही हाताशी राहतात; पीसीएमसी घेतले तर जीवशास्त्राच्या जागी संगणकशास्त्र येते आणि वैद्यकीय वाट फार अवघड होते. एचईपीएस म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र. वडगावच्या मुलीला नर्स व्हायचे होते आणि तिच्या काकांनी ‘नर्सिंगला आर्ट्स चालते’ असे ऐकून एचईपीएस सुचवले होते. काकांचे अर्धे खरे होते. जीएनएम या परिचर्येच्या डिप्लोमाला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण बीएस्सी नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते, आणि हा फरक पुढे पगारात व बढतीत दिसतो. एवढी एक गोष्ट वेळेवर कळल्याने त्या घरातील चर्चाच बदलली. कंग्राळीच्या मुलीच्या बाबतीत दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आणि त्यानंतर डीसीईटी ही डिप्लोमाधारकांची प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश, ही वाट मी मांडली. तिच्या वडिलांना ती लगेच पटली, कारण फाउंड्रीतील त्यांचे सुपरवायझर त्याच वाटेने आले होते.

मराठी माध्यमाच्या मुलीपुढे याहून मोठा डोंगर भाषेचा असतो. दहावीपर्यंत तिने विज्ञान कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या मराठी पुस्तकांतून शिकलेले असते. एसएसएलसीच्या ६२५ गुणांपैकी १२५ गुण प्रथम भाषेचे, म्हणजे तिच्या मराठीचे असतात. पीयूसीच्या ६०० गुणांत मराठीचे फार तर १०० उरतात, तेही त्या कॉलेजात मराठी विषय असेल तर. नसेल तर हिंदी, कन्नड किंवा संस्कृतकडे वळावे लागते. आणि सायन्स घेतले की सगळे इंग्रजीतून. दहावीत नव्वद टक्के मिळवणारी मुलगी जुलैमध्ये भौतिकशास्त्राच्या तासाला बसून ‘रिफ्रॅक्शन’ म्हणजे आपले ‘अपवर्तन’च आहे हे न कळल्याने स्वतःला मठ्ठ समजू लागते. मी स्वतः नव्वदच्या दशकात याच शहरात हे भोगले आहे, त्यामुळे कदाचित या मुद्द्यावर माझा सूर चढत असेल.

म्हणून आम्ही एक वही केली. डाव्या बाजूला मराठी संज्ञा, उजव्या बाजूला देवनागरीतच इंग्रजी उच्चार आणि त्याखाली स्पेलिंग : संयुजा आणि व्हॅलेन्सी, रोध आणि रेझिस्टन्स, प्रकाशसंश्लेषण आणि फोटोसिंथेसिस. प्रत्येक भेटीतील शेवटची वीस मिनिटे त्यासाठी. फेब्रुवारीपर्यंत चारशेच्या आसपास शब्द झाले आणि वही शेजारच्या तुकडीतही फिरली. समन्वयक मॅडमना ती आवडली, त्यांनी तिचे फोटो घेतले, आणि जाताना विषय शिकवणे उपक्रमाच्या चौकटीत बसत नसल्याने वहीचे काम भेटीच्या वेळेत करू नये असे सांगितले. मार्गदर्शक म्हणजे शिकवणीची बाई नव्हे, ही त्यांची भूमिका तत्त्वतः मला मान्य आहे. चार मुलींची शिकवणी घ्यायला मी गेले नव्हते आणि तेवढी माझी पात्रताही नाही. परंतु बेंगळुरूच्या इंग्रजी शाळेतील मुलीला ‘कॉलेजची तयारी’ म्हणजे जे लागते, तेच बेळगावच्या मराठी शाळेतील मुलीला पुरेल असे गृहीत धरून आखलेली चौकट अपुरी आहे, एवढे म्हणण्याचा अधिकार मी राखून ठेवते. वहीचे काम आम्ही मधल्या सुट्टीत चालू ठेवले.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या मते ताईचा खरा उपयोग तिथे आहे. शिष्यवृत्तीसाठी राज्याच्या एसएसपी पोर्टलवर अर्ज करायचा तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, काढावा लागतो आणि त्यावरचा आरडी नंबर अर्जात भरावा लागतो. बँकेचे खाते नुसते असून चालत नाही, ते आधारशी जोडलेले असावे लागते, नाहीतर मंजूर झालेले पैसे खात्यावर येतच नाहीत. नावांचा घोळ तर आपल्या सीमाभागाचे वैशिष्ट्यच म्हणावे लागेल. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो. इथल्या अनेक नोंदींत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर तेवढे येते. माझ्या चौघींपैकी तिघींच्या आधार कार्डावरील आणि शाळेच्या नोंदीतील नावे जुळत नव्हती. एसएसएलसीचे मार्क्स कार्ड छापण्याआधी मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्ती सोपी असते, नंतर तीच कामे महिनोन्महिने रेंगाळतात. नोव्हेंबरमध्येच आम्ही हे उरकले, आणि वर्षभरात मी केलेले सर्वांत उपयुक्त काम कोणते असे विचारले तर मी हेच सांगेन.

काही दरवाजे मात्र आपण पोहोचायच्या आधीच बंद झालेले असतात. केसीईटी या कर्नाटकच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होणाऱ्या प्रवेशांत ग्रामीण आरक्षण १५ टक्के आहे, पण त्यासाठी पहिली ते दहावी अशी पूर्ण दहा वर्षे ग्रामीण भागातील शाळेत काढलेली असावी लागतात. जांबोटीची मुलगी सातवीपर्यंत गावात शिकली आणि ‘चांगल्या शाळेसाठी’ तीन वर्षे बेळगाव शहरात आली, त्यामुळे तिचा हक्क गेला. कन्नड माध्यमासाठी असलेले पाच टक्के मराठी माध्यमाच्या मुलीला अर्थातच लागू नाहीत. दुसऱ्या बाजूला, महाराष्ट्राच्या प्रवेश प्रक्रियेत सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टाइप-ई’ ही स्वतंत्र वर्गवारी आहे. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो त्या विवादित भागात राहणाऱ्या आणि तिथे दहावी किंवा बारावी झालेल्यांना ती लागू होते. त्यासाठी त्या राज्याची सीईटी वेगळी द्यावी लागते आणि रहिवास व मातृभाषेचे दाखले आधीपासून जमवावे लागतात. संस्थेच्या पुस्तिकेत याचा उल्लेखच नाही. यात राजकारण आणण्याचे कारण नाही; मुलीला दोन राज्यांत अर्ज करता येत असेल तर तिला ते माहीत असावे, इतकेच माझे म्हणणे आहे. ‘पुरवणी परीक्षा’ हा शब्दही पुस्तिकेत तसाच राहिला आहे, जरी २०२४ पासून एसएसएलसीच्या एका वर्षात एकाहून अधिक परीक्षा होतात आणि त्यांतील चांगले गुण धरले जातात.

पालकसभेविषयी एक निरीक्षण. संस्थेने ‘मुलीच्या शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर चित्रफीत दाखवली. पालक अदबीने बसून राहिले. मग मी कॉलेजांची नावे आणि बसच्या वेळा एका तक्त्यावर लिहिल्या, आणि सभा जिवंत झाली. ‘शेवटची गाडी किती वाजता?’, ‘प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी किती वाजता सुटणार?’, ‘सीबीटीवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) उतरून चालत किती लांब?’ असे प्रश्न एकामागून एक आले. यळ्ळूरच्या मुलीची आई म्हणाली, “फी काय, कसंबी भरू ओ बाई. अंधार पडायच्या आत घरात आली पायजे, एवढंच.” शिक्षणाचे महत्त्व त्या बाईला कुणी पटवून देण्याची गरज नव्हती.

उपक्रमाचा सर्वांत चांगला दिवस माझ्या चौघींशी संबंधित नव्हता. संस्थेने पीयूसी दुसऱ्या वर्षाच्या मुलींसाठी केसीईटीच्या ‘ऑप्शन एंट्री’चे, म्हणजे कॉलेजांची पसंतीयादी भरण्याचे, मदत केंद्र उघडले आणि आम्हा ताईंना तिथे बसवले. त्याआधी एका निवृत्त प्राध्यापकांनी आम्हाला तीन तास नेमकी माहिती दिली : प्रत्येक विषयाला ६० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, इंजिनिअरिंगच्या क्रमवारीत निम्मा वाटा पीयूसीच्या गुणांचा आणि निम्मा सीईटीचा, मॉक अलॉटमेंट ही जागावाटपाची केवळ रंगीत तालीम, आणि खरी जागा मिळाल्यावर चार पर्यायांपैकी कोणता निवडला तर काय होते. एका मुलीने यादीत फक्त तीन कॉलेजे टाकली होती, ‘बाकीची मिळणारच नाहीत’ म्हणून. तिला पसंतीच्या क्रमाने वीस टाकायला लावली. अशा ठोस माहितीचा तासभर पुस्तिकेच्या चाळीस पानांना भारी पडतो, हे संस्थेला त्या दिवशी नक्कीच दिसले असणार.

आता माझी मुख्य तक्रार. फेब्रुवारीच्या अखेरीस प्रमाणपत्रे वाटून समारोप झाला, मार्चमध्ये मुली परीक्षेला बसल्या आणि महिनाअखेरीस आमचे गट बंद करण्यात आले. उपक्रम संपल्यावर मार्गदर्शकाने मुलीशी खासगी संपर्क ठेवू नये असा नियम आहे. नियमामागचे कारण मला समजते आणि प्रशिक्षणाच्या वेळी मीच त्याचे कौतुक केले होते. पण निकाल मे महिन्यात लागतो, कॉम्बिनेशन निकालानंतर ठरते, प्रवेशाचा अर्ज त्यानंतर, आणि इंग्रजीतील पहिला तास जूनमध्ये. ज्या दिवसांसाठी आम्ही आठ महिने तयारी केली, त्या दिवशी ताई ठरवून अनुपस्थित! जांबोटीची मुलगी पहिल्या परीक्षेत गणितात राहिली. तिच्याकडे माझा नंबर नव्हता, मला तिला फोन करायची मुभा नव्हती, आणि गावी नेण्याची बोलणी घरात सुरू झाली होती. शेवटी मावशीला मी कोणत्या कार्यालयात आहे एवढे आठवत होते, म्हणून त्या दोघी दुपारी माझ्या विम्याच्या काउंटरसमोर येऊन उभ्या राहिल्या. मी समन्वयकांना फोन लावून, त्यांना कळवूनच पुढचे बोलले. दुसऱ्या परीक्षेचा अर्ज मुदतीच्या आत भरला गेला आणि ती उत्तीर्णही झाली. मावशीला ते कार्यालय आठवले नसते तर काय झाले असते, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

जाऊ पाहणाऱ्यांना माझे उत्तर ‘जा’ असेच आहे. पाचपैकी साडेतीन गुण मी देईन. शिस्त, सुरक्षा आणि मुलींची निवड या बाबतींत संस्था प्रामाणिक आहे. फक्त नोंदणीपूर्वी गट मराठी माध्यमाचा आहे का, शाळेतील कोणते शिक्षक सोबत असतील आणि एप्रिल ते जुलै या काळात मुलीला कुणाशी बोलता येईल, हे स्पष्ट विचारून घ्यावे. कन्नड वाचता येत असेल तर नाडकचेरीत आणि पोर्टलवर फार सोपे जाते. येत नसेल तर अक्षरओळख तरी करून घ्यावी, दोन महिन्यांत होते. वर्षभर दर पंधरा दिवसांनी शनिवार मोकळा ठेवणे शक्य नसेल त्यांनी मात्र येऊ नये. दोन भेटींनंतर गळालेल्या ताईंच्या मुली कशा खट्टू होतात ते मी पाहिले आहे.

या जूनमध्ये मी पुन्हा अर्ज केला. ‘कोणत्या इयत्तेचा गट हवा’ या रकान्यात ‘पीयूसी पहिले वर्ष आणि डिप्लोमा पहिले वर्ष, गेल्या वर्षीच्याच चौघी’ असे लिहिले. त्यांच्या प्रणालीत असा पर्याय नसल्याने माझा अर्ज अजून ‘प्रलंबित’ दाखवतो आहे.